एकच साइट उघडत नाही, बाकी नेट झकास: अडवतंय कोण ते कसं शोधायचं

तक्रार दर वेळी साधारण सारखीच असते. वायफाय फुल आहे, व्हॉट्सॲप चालतंय, यूट्यूब चालतंय, फक्त अमुक एक साइट उघडत नाही. परवा उघडली होती. मोबाइल डेटावर आत्ताही उघडते. कस्टमर केअरला फोन केला की ते राउटर बंद करून चालू करायला सांगतात. कधी कधी तेवढ्यानं साइट उघडतेही, आणि आठवडाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी तालुक्याच्या गावातली काही ऑफिसं, एक अभ्यासिका आणि एक कॉम्प्युटर क्लास यांचं नेटवर्क बघतो, त्यामुळे हे प्रकरण वरचेवर माझ्याकडे येतं. लोकांचा निकाल आधीच लागलेला असतो. निम्मे म्हणतात सरकारनं बंद केली, निम्मे म्हणतात कंपनी मुद्दाम करते. दोन्ही होऊ शकतं. पण पुराव्याशिवाय तक्रार केली की ती पहिल्याच फोनवर मरते, म्हणून आधी अडथळा कुठल्या पायरीवर आहे ते ठरवायचं.

एररची बारीक ओळ वाचा

ब्राउझरवर मोठ्या अक्षरात "साइटवर पोहोचता येत नाही" असं आलं की सगळे तिथेच थांबतात. कामाची ओळ त्याच्या खाली, करड्या बारीक अक्षरात असते. तिचा फोटो काढून ठेवा.

तिथे डीएनएस किंवा एनएक्स डोमेन असं काही असेल तर साइटच्या नावाचा पत्ताच मिळालेला नाही (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारी इंटरनेटची डिरेक्टरी). "कनेक्शन रीसेट" असेल तर पत्ता मिळाला, बोलणं सुरू झालं आणि मध्येच कुणीतरी फोन आपटला. "टाइम्ड आउट" म्हणजे हाक मारली, ओ आलीच नाही. ४०३ किंवा "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" असं आलं तर तुम्ही साइटच्या दारापर्यंत पोहोचला आहात आणि आत न घेणारी ती साइटच आहे. या शेवटच्या प्रकारात प्रोव्हायडरनं, म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीनं, काही अडवलेलं नसतं, पण त्याचा हात अगदीच नसतो असंही नाही. आपल्याकडे बरेच प्रोव्हायडर शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून त्यानं कुठे उपद्व्याप केला की त्या आयपीची पत जाते आणि भोगतात सगळे. त्यावर उपाय एकच, स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, मागणे. त्याचे पैसे पडतात.

सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटच्या ओळखपत्राचा, लाल इशारा आला तर आधी कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघा. आतला घड्याळाचा (सीएमओएसचा) सेल गेलेल्या जुन्या मशिनवर घड्याळ मागे पडतं आणि सगळ्या साइट संशयित वाटू लागतात. वेळ बरोबर असूनही इशारा फक्त एकाच साइटला येत असेल तर मधे कुणीतरी दुसरंच पान घुसवत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी "तरीही पुढे जा" दाबू नका, बँकेच्या साइटवर तर मुळीच नाही.

एक घरगुती कारणही तपासून घ्या. भाच्यानं सुट्टीत येऊन जाहिराती बंद करायला मोबाइलमध्ये प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्याच कुणाचा डीएनएस, टाकून दिलेला असतो, आणि वर्षभरानं काकू म्हणतात गॅस बुकिंगची साइट उघडत नाही. तिथे प्रोव्हायडर, सरकार कुणाचाच संबंध नसतो.

बहुतेक वेळा डीएनएस

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण "पुन्हा पुन्हा" का होतं ते त्यातच कळतं.

कॉम्प्युटर क्लासमधल्या मुलांना गिटहब, म्हणजे प्रोग्रामचे कोड ठेवायची साइट, उघडत होतं, कोड दिसत होता, पण इन्स्टॉल करायची स्क्रिप्ट चालवली की अडकायची. स्क्रिप्ट ज्या ठिकाणाहून फाइल ओढते ते गिटहबचं "रॉ" फाइलींचं डोमेन वेगळं आहे, आणि तेवढंच उघडत नव्हतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (डीएनएसला पत्ता विचारायची कमांड) लिहून पुढे त्या डोमेनचं नाव टाकलं, तर उत्तर आलं ०.०.०.०. म्हणजे पत्ता विचारला आणि मुद्दाम शून्य हातात ठेवलं. त्याच ओळीच्या शेवटी ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस, जोडून विचारलं तर खरा पत्ता आला.

निदान झालं म्हणून लॅपटॉपमध्ये डीएनएस बदलला आणि काम चाललं. काही दिवसांनी तेच रडगाणं पुन्हा. याचं कारण आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). विंडोजमध्ये डीएनएस बदलण्याच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत, एक आयपीव्ही४ ची आणि एक आयपीव्ही६ ची. लोक पहिलीच भरतात. दुसरीत प्रोव्हायडरचा डीएनएस तसाच राहतो, आणि मशीन कधी याला विचारतं, कधी त्याला. म्हणून साइट कधी उघडते, कधी नाही. राउटरमध्ये बदल करून ठेवला तरी लाइट जाऊन आली, किंवा कंपनीनं दुरून राउटरची सेटिंग पुन्हा भरली, की बदल पुसला जातो. कंपनीनंच दिलेल्या ओएनटीत, म्हणजे फायबरच्या डब्यात, हे सर्रास होतं.

तेव्हा दोन्ही खिडक्या भरा, आणि शक्य असेल तर कंपनीच्या डब्याला फक्त फायबरपुरतं ठेवून मागे स्वतःचा राउटर लावा.

एवढं करूनही शून्यच येत असेल तर पुढची शंका घ्यायची. काही प्रोव्हायडर डीएनएसची चौकशी वाटेतच पकडतात. तुम्ही गूगलला विचारता, उत्तर प्रोव्हायडर देतो, गूगलच्या नावानं. तपासायची युक्ती सोपी आहे. एनएसलुकअपला शेवटी ८.८.८.८ ऐवजी १९२.०.२.१ द्या. हा पत्ता पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुणीच बसलेलं नाही. रिकाम्या घरातून उत्तर आलं, तर मधे कुणीतरी बोलतंय हे उघड आहे. उत्तर आलं नाही म्हणून मात्र कुणी पकडत नाही असा दाखला मिळत नाही.

त्यावर उपाय म्हणजे चौकशीच कुलूपबंद करायची. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत "सिक्युअर डीएनएस" आहे. अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे. तिथे आकडे चालत नाहीत, "डीएनएस डॉट गूगल" असं नावच इंग्रजीत टाकावं लागतं.

डीएनएस ठीक, तरी "रीसेट"

मग पुढची पायरी. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे आतला मजकूर प्रोव्हायडरला दिसत नाही. पण जोडणी सुरू करताना ब्राउझर पहिल्याच निरोपात साइटचं नाव उघडपणे सांगतो, त्याला एसएनआय म्हणतात. पत्र बंद पाकिटात असलं तरी वरचं नाव पोस्टमन वाचतोच, तसं. प्रोव्हायडरचं यंत्र ते नाव यादीशी ताडून बघतं आणि जुळलं की जोडणी तोडतं.

तपासायचं असेल तर टर्मिनलमध्ये कर्ल ही साइटशी जोडणी करून बघायची कमांड व्ही हा पर्याय लावून चालवा. "क्लायंट हॅलो" या ओळीनंतर लगेच रीसेट आला, तर संशय इथेच. पक्कं करायला त्याच सर्व्हरच्या आयपीला दुसऱ्याच कुठल्यातरी साइटचं नाव सांगून जोडणी करून बघायची. नाव बदललं की जोडणी लागते आणि मूळ नाव घेतलं की तुटते, असं झालं तर अडवणूक नावावर आहे. या प्रकारात डीएनएस कितीही बदला, फरक पडत नाही, आणि "मी तर गूगलचा डीएनएस टाकलाय तरी होत नाही" असं म्हणणारे बहुतेक इथले असतात.

सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी भारतातल्या मोठ्या प्रोव्हायडरांवर हे सगळं तपासून पाहिलं होतं. प्रत्येकाची अडवायची पद्धत वेगळी निघाली. जिओ एसएनआय वापरतं हे त्यातच समोर आलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कुठे ना कुठे अडवलेल्या ४०३३ साइटपैकी सगळ्या प्रोव्हायडरांकडे बंद असलेल्या फक्त १११५ होत्या. आदेश सगळ्यांना एकच जात असेल तर याद्या एवढ्या वेगळ्या कशा? तेव्हा "शेजाऱ्याकडे उघडते, म्हणजे सरकारी बंदी नाही" हा तर्क आपल्याकडे चालत नाही. कुणी जुनी बंदी उठवायला विसरतं, कुणी नवी लावायला.

"टाइम्ड आउट": इथे कारस्थान शोधू नका

ओ न येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. सर्वांत जास्त भेटणारं आणि कस्टमर केअरला कधीच न सुचणारं कारण म्हणजे एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या, म्हणजे पीपीपीओई जोडणीत एका पाकिटाला १५०० ऐवजी १४९२ बाइटचीच जागा असते. नवीन राउटर लावताना तिथे १५०० राहिलं की छोटी पानं उघडतात, मोठी पाकिटं पाठवणाऱ्या काही मोजक्या साइट मात्र गोल फिरत राहतात. विंडोजमध्ये पिंगला एफ आणि एल हे पर्याय लावून आधी १४७२, मग १४६४ आकार द्या. पहिला नापास आणि दुसरा पास झाला तर राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये १४९२ टाका, विषय संपला. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात एका सीएच्या ऑफिसात "पोर्टल ब्लॉक केलंय" म्हणून आरडाओरडा चालला होता, तो असाच आठ बाइटांचा निघाला.

परदेशी साइटच संथ असतील तर समुद्राखालच्या केबलची बातमी बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातही परिणाम जाणवला. त्यात स्थानिक लाइनमन काहीच करू शकत नाही, त्याला बोलून उपयोग नाही.

आणि ठरावीक वेळीच साइट बंद होत असेल तर? स्पेनमध्ये २०२५ पासून ला लीगाचे (तिथल्या फुटबॉल लीगचे) सामने सुरू असताना तिथले प्रोव्हायडर कोर्टाच्या आदेशानं क्लाउडफ्लेअर या अनेक साइटना सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे आयपी अडवतात. चोरून सामना दाखवणाऱ्या साइट त्या आयपींमागे असतात म्हणून. पण त्याच आयपीवर इतर असंख्य निरपराध साइटही असतात, त्याही शनिवार-रविवारी बंद पडतात. आयपीवर घाव घातला की असं होतं.

उघडते, पण रडतखडत

इथे नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे प्रोव्हायडरनं सगळ्या साइटना सारखं वागवण्याचा, खरा प्रश्न येतो, आणि सिद्ध करायला हाच सर्वांत अवघड.

स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते आणि व्हिडिओ मात्र अडकतो. स्पीड टेस्टवर विसंबू नका. तिचा सर्व्हर पुष्कळदा प्रोव्हायडरच्याच नेटवर्कमध्ये बसलेला असतो. नेटफ्लिक्सची "फास्ट" ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते, ती सोबत चालवा. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर घोळ त्या वाटेवर आहे. मग तीच गोष्ट व्हीपीएन (तुम्ही कुठे जाताय ते प्रोव्हायडरपासून झाकणारी वाट) लावून बघा. व्हीपीएनवर वेग वाढला, तर वाट खराब आहे किंवा कुणी ओळखून पाय ओढतंय. या दोन्हींत फरक करायला अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांचं "वेहे" हे ॲप आहे. ते एकदा खऱ्या ॲपसारखी रहदारी पाठवतं आणि एकदा तीच रहदारी ओळखू न येईल अशी करून, मग वेग ताडून बघतं. एका चाचणीवर बोंब मारू नका. दुपारी, रात्री नऊला आणि सकाळी अशी करून ठेवा. रात्री नऊला सगळंच मंदावत असेल तर तुमच्या केबलवाल्यानं पुरेशी बँडविड्थ घेतलेली नाही, एवढाच अर्थ.

साइट पूर्ण बंद असेल तर "ऊनी प्रोब" हे ॲप साइट कोणत्या पायरीवर अडली ते नोंदवतं. त्याचे निकाल सगळ्या जगाला दिसतात, हे ध्यानात ठेवूनच चालवा.

कायद्यानं प्रोव्हायडरला काय करता येतं

स्वतःच्या मर्जीनं, फारसं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, चर्चेचा मसुदा आला तेव्हा लोकांनी दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले. ट्रायनं ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर करून टाकले, तो भाग निराळा. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं साइट किंवा ॲप पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. उल्लंघनाला दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. ठरावीक साइट फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यातच गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये परवान्याच्या अटींतच आलं की मजकूर पाहून अडवणं, मंद करणं किंवा कुणाला पुढे काढणं चालणार नाही. नेटवर्कवरचा ताण वाजवी रीतीनं सांभाळणं आणि कायदेशीर आदेश पाळणं हे अपवाद.

हे सगळं भारताच्या हद्दीतलं. दुबईतल्या नातेवाइकाचा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, कारण तिथल्या नियमांनुसार तो अडवलेलाच आहे. त्याला इथून राउटरच्या सेटिंग सांगत बसू नका.

आपल्याकडची गोम त्या "कायदेशीर आदेश" या अपवादात आहे. आयटी कायद्याच्या कलम ६९-ए खाली मंत्रालय साइट बंद करायला सांगू शकतं, कोर्टही सांगू शकतं. पण त्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ म्हणतो की विनंत्या, तक्रारी आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. म्हणजे प्रोव्हायडरनं "वरून आदेश आहे" म्हटलं की ते खरं की खोटं, हे ग्राहकाला तपासता येत नाही. आमचा लाइनमन दर वेळी हेच सांगतो, "सर, ते वरूनच बंद आहे," आणि वर म्हणजे कुठे हे त्यालाही ठाऊक नसतं. व्यवस्थेतली खरी पळवाट ही आहे, असं माझं मत.

चुकाही होतात. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या आदेशावरून ३२ साइट बंद झाल्या, त्यात गिटहब, व्हिमिओ आणि इंटरनेट आर्काइव्ह होतं. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची साइट कित्येक महिने बंद राहिली. प्लेअर चालत होता, पण अधिकृत ठिकाणाहून डाउनलोड होत नव्हता. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ती उघडली.

मुंबई उच्च न्यायालयानं मात्र एक बरं पाऊल उचललं होतं. २०१६ मध्ये चित्रपटांच्या पायरसीच्या प्रकरणांत न्या. गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करण्याऐवजी नेमके दुवे तपासून मागितले, आणि बंद पानावर कोणत्या आदेशानं बंद आहे व दाद कुठे मागायची हे लिहायला सांगितलं. एचटीटीपीएसवर तसं पान दाखवता येत नाही, त्यामुळे आज आपल्याला नुसतं "रीसेट" दिसतं.

तक्रार कशी लिहायची

फोनवर "साइट चालत नाही" म्हणू नका. कस्टमर केअरच्या मुलीकडे त्यासाठी एकच उत्तर असतं आणि त्यात तिचा दोष नाही. ईमेल करा आणि त्यात साइटचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, बारीक ओळीचा फोटो, प्रोव्हायडरच्या आणि बाहेरच्या डीएनएसची दोन्ही उत्तरं, आणि दुसऱ्या नेटवर्कवर साइट उघडल्याचा पुरावा घाला. मग थेट विचारा. माझा मजकूर साधारण असा असतो:

"वरील साइट आपल्या नेटवर्कवर उघडत नाही, अन्य नेटवर्कवर उघडते. ही साइट आपण अडवली आहे काय? असल्यास कोणत्या विभागाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशानुसार, ते कळवावे. आदेश नसल्यास परवान्यातील भेदभावविरहित सेवेच्या अटीनुसार साइट त्वरित सुरू करावी. तक्रार क्रमांक द्यावा."

"कोणत्या आदेशानुसार" हा प्रश्न लेखी आला की ईमेल कॉल सेंटरच्या वरच्या टेबलावर जातो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा उत्तर न देताच साइट गुपचूप सुरू होते. गिटहबचं ते डोमेन असंच सुरू झालं, कारण काय ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

तक्रार क्रमांक जपून ठेवा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नका. त्याऐवजी दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जा. नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगही आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपनीचे वकील सांगायचे, पण सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या चालतात असा निकाल दिलेला आहे.

"आदेशानुसार बंद" असं लेखी उत्तर आलं, तर ते साइटच्या मालकाला पाठवा. आदेशाला आव्हान द्यायचं तर सर्वांत भक्कम बाजू त्याची असते, आणि आपली साइट भारतात बंद आहे हे पुष्कळदा त्याला माहीतच नसतं.